डोळा पिकायची वाट

मित्रांनो, हे सगळे जग माझ्यामुळेच दिसते. सूर्य नुसता उजेड पाडतो. त्या उजेडात काय काय आहे ते मी दाखवतो. मी एक जुना चष्मा आहे आणि सध्या माझी डावी दांडी शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली आहे.

माझा जन्म इंदापूरला युनूसभाईंच्या दुकानात झाला. चौकट पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली, काचा युनूसभाईंनी चाकावर घासून बसवल्या. मला उजेडाकडे धरून ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "घ्या मोहनराव, आता मुंगीचे पाय मोजा." मोहनरावांनी मला नाकावर ठेवले आणि मी कामाला लागलो.

पिंपळीचे मोहनराव साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. उसाच्या फडात जायचे, रसाचा थेंब एका छोट्या नळीवर टाकून त्यातून पाहायचे आणि ऊस पिकला की नाही ते सांगायचे, हे त्यांचे काम. "अजून कोवळा हाय, थांबा," असे ते म्हणाले की तोड थांबे. नळीच्या आणि डोळ्याच्या मध्ये मी असे. म्हणजे निम्म्या तालुक्याची साखर मीच ठरवली. याची कोणी दखल घेतली नाही, ते असो.

मोहनराव निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षांनी गावात डोळ्यांचे शिबिर भरले. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि सांगितले, "मोतीबिंदू आहे. अजून पिकला नाही. थांबा."

मोहनराव खूश झाले. जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलेले वाक्य त्यांना पहिल्यांदाच कोणी ऐकवत होते. "माणूस जाणकार हाय," असे घरी येऊन त्यांनी जाहीर केले आणि दोन वर्षे ते डोळा पिकायची वाट पाहत बसले.

त्या दोन वर्षांत डाव्या हाताला ठेवलेला चहा सांडू लागला. दाराची चौकट खांद्याला लागू लागली. दर वेळी शिवी मला. "ह्या चष्म्यात आता दम न्हाय!" मित्रांनो, मी काय करणार? समोरचे मी लख्ख दाखवत होतो. पेपरातले बारीक अक्षरसुद्धा ते घडाघडा वाचत. कडेचे जग मात्र मिटत चालले होते, आणि ते डोळ्याच्या आत मिटत होते. मी डोळ्याला इतका चिकटून राहिलो, पण माझे तोंड कायम बाहेर. आत वळून पाहणे मला जमत नाही.

एकदा भर दुपारी मोहनराव रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळले. उसाने भरलेल्या ट्रॉलीवर! सून राजेश्वरीने कपाळाला हळद लावली आणि ती म्हणाली, "आबा, उद्या बारामतीला दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं."

"दुसरा कशाला? एकानं बघितल्याल्या फडात दुसरा मानूस धाडला, तर पयल्याचा अपमान व्हतो."

"फड न्हाय, डोळा हाय तो."

"पिकला न्हाय अजून."

"अवं, तवर तुमीच पिकून गळाल," त्यांच्या पत्नी ठमाबाई आतून म्हणाल्या. "जावा गुमान!"

बारामतीच्या डॉक्टर सिमरन यांनी मला प्रथम उतरवले आणि टेबलावर पालथे ठेवले. त्यामुळे पुढचे ऐकले तेवढेच सांगतो. मोहनरावांना एका यंत्रापुढे बसवले होते. "दिवा दिसला की बटण दाबा, आबा." चारदोन वेळा बटण वाजले. मग बराच वेळ काहीच वाजले नाही.

"दिवा लावा की वो, बाई," मोहनराव म्हणाले.

"लागतायत, आबा," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

तपासणी झाल्यावर त्यांनी सांगितले, "मोतीबिंदू थोडासाच आहे. खरा त्रास काचबिंदूचा."

"काच!" मोहनरावांची खुर्ची करकरली. "दोन वर्सं ह्येच बोंबलतोय मी. काचच खराब हाय. बदला ती!"

मित्रांनो, मी टेबलावर गार पडलो. काही केले नसताना गुन्हा कबूल करावासा वाटला. काच बदलून भागणार असेल तर खुशाल मला भंगारात टाका, असेही वाटले.

"चष्म्याची काच नाही, आबा. आजाराचं नावच तसं आहे. डोळ्यातला दाब वाढतो, आतली शीर सुकत जाते. कडेची नजर आधी जाते."

"मग पिकंल कवा?"

"हा पिकत नाही. ह्याच्यासाठी थांबायचं नसतं."

"आन् गेल्याली नजर?"

"ती परत येत नाही. उरलीय ती राखायचा प्रयत्न करू. आजपासून रोज थेंब, न चुकता."

राजेश्वरीने मला पदराने पुसून त्यांच्या नाकावर ठेवले. भिंतीवर कॅलेंडर होते. मी ते जीव तोडून दाखवले. त्यांना त्याचा मधला तुकडा दिसला.

"थांबा म्हनला, मी थांबलो," मोहनराव म्हणाले. राजेश्वरीने थेंबांची चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली.

मित्रांनो, घरातले कोणी दारावर आदळू लागले, तर चष्म्याला शिव्या देण्याआधी डोळे नीट तपासून घ्या. एका डॉक्टरने पाहिले तरी शंका राहिली, तर दुसऱ्याला विचारा. त्याने कोणाचा अपमान होत नाही, आणि झालाच तर तो भरून निघतो. नजर भरून निघत नाही. मी कितीही चांगला चष्मा असलो तरी मला डोळा होता येत नाही.

आता एक बारीकशी विनंती. सकाळ-संध्याकाळ थेंब घालताना मला काढून खाटेवर ठेवतात. तिथे ठेवू नका. तिथे ठमाबाई बसतात.