ताईने बेतलेली कॉईल

मिस्त्रीचं गॅरेज आणि त्याच्या ताईचं शिवणाचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. इकडे हातोडा पडला की तिकडे सुयांची डबी थरथरायची. मिस्त्रीने पन्नाशी ओलांडली होती, मिशा पिकल्या होत्या, आणि गाडीचा नुसता आवाज ऐकून तो दुखणं सांगतो अशी त्याची ख्याती होती. ताई मात्र त्याला अजून 'छोट्या' म्हणायची, आणि तेही गिऱ्हाइकांच्या देखत.

टेकडीवरच्या दवाखान्याचे गाउन आणि चादरी ताई शिवायची आणि एक दिवसाआड गठ्ठे बांधून आपल्या जुन्या मोटरसायकलवरून स्वतः पोचवायची. त्या वर्षी गाडीने नवंच खूळ काढलं. निम्मा चढ झाला की ती मान टाकायची. वीस मिनिटं तिला तसंच उभं ठेवलं की जणू काही घडलंच नाही अशी एका किकमध्ये सुरू.

मिस्त्रीने प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा धुतला, टाकी रिकामी करून पाहिली. इंजिनाला ठिणगी पुरवणारी कॉईलसुद्धा मीटर लावून तपासली. आकडे ठीक होते. शेवटी त्याने हात टेकले आणि सांगितलं, की गाडीचं वय झालंय, काढून टाक. ताई काही बोलली नाही. तिला पटलं असं मिस्त्री धरून चालला. ताई गप्प बसली म्हणजे तिला पटलं असं नसतं, हे खरं तर एवढ्या वर्षांत त्याला कळायला हवं होतं.

आठवड्याने तो शर्टाचं बटण लावून घ्यायला तिच्याकडे गेला, तर इस्त्रीच्या टेबलावर त्याला गाडीची कॉईल दिसली. तापलेल्या इस्त्रीला खेटून, फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली. शेजारी त्याच्याच गॅरेजमधलं मीटर.

"हे काय चाललंय?"

"थांब जरा. हिला ताप चढू दे."

तिने एक वही त्याच्यापुढे सरकवली. गाडी कधी बंद पडली, किती वेळ चालली होती, किती मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, सगळं तारीखवार लिहिलेलं. ऊन असलं की लवकर बंद पडायची, ढग असले की उशिरा. म्हणजे दुखणं उष्णतेचं, एवढं तिला वहीवरूनच कळलं होतं. मग तिने कॉईलला हात लावून पाहिला, चटका बसतोय म्हटल्यावर मीटरच्या तारा टेकवल्या. आकडा आलाच नाही. आत कुठेतरी केसाएवढी बारीक तार तुटली होती. थंड असताना तिची टोकं टेकायची, तापली की सुटायची.

मिस्त्री मीटरकडे बघतच राहिला. तीस वर्षं तो कॉईल तपासत आला होता, पण नेहमी थंडच.

लाज वाटली म्हणा किंवा बहिणीवरची माया म्हणा, तो तडक गॅरेजमध्ये गेला आणि फळीवरची उत्तमातली उत्तम कॉईल घेऊन आला. शर्यतीच्या गाड्यांना बसवतात तसली, चकचकीत. "ही लाव. गाडी उडेल," तो म्हणाला.

ताईने आधी मीटर लावलं. जुन्या कॉईलमधल्या तारेचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, थंड असताना चार ओहम यायचा, हिचा पाऊणही भरेना.

"हिची भूक फार मोठी आहे, छोट्या. ही एवढा करंट ओढेल की पॉइंट जळतील."

पॉइंट म्हणजे उघडमीट करून ठिणगीची वेळ साधणारी, इंजिनातल्या धातूच्या दोन टोकांची जोडी. ताईच्या जुन्या गाडीत ती अजून होती. नव्या गाड्यांतून ती कधीच गेली. हे मिस्त्रीला माहीत नव्हतं थोडंच? पण माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यात फरक पडतो. त्याने कॉईल खिशात घातली.

ताईने आपल्या गाडीच्या मापाची कॉईल शोधून आणली. रोध जुन्याइतकाच, पण अंगाने दणकट, आणि आत माती-पाणी जाऊ नये म्हणून राळेने सीलबंद केलेली. रविवारी सकाळी दुकानासमोर गाडी उभी करून तिने टाकी उतरवली. प्रत्येक वायरीला शिवणाच्या पट्टीचा तुकडा गुंडाळून त्यावर खडूने आकडा घातला. नवीन कॉईलची भोकं जुन्या जागी जुळेनात, तेव्हा ब्लाउज बेतावा तसा तिने पुठ्ठा बेतला, गाडीवर धरून पाहिला, कडेने सुताएवढा कातरला. त्या पुठ्ठ्यावरून मिस्त्रीने लोखंडी पट्टी कापून भोकं पाडून दिली. तेवढंच काम त्याच्या वाट्याला आलं. पट्टी पहिल्याच झटक्यात जागेवर बसली, आणि त्याला स्वतःचाच नव्हे तर पुठ्ठ्याचाही अभिमान वाटला.

प्लग बाहेर काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवून त्यांनी किक मारली. ठिणगी आली, पण पिवळट, मरगळलेली. मिस्त्री म्हणाला, चालेल एवढी. ताईला चालणार नव्हती. तिने बॅटरीवर मीटर लावलं, साडेबारा व्होल्ट. कॉईलपाशी लावलं, दहाच. मधले अडीच व्होल्ट जुनाट स्विच आणि वायरी खात होत्या.

"शिवण पक्की आहे, कापडच विरलंय," ती म्हणाली आणि कामाला लागली. बॅटरीपासून फ्यूज घालून थेट नवी वायर ओढली, मध्ये रिले बसवला, म्हणजे जुन्या स्विचने नुसता हुकूम द्यायचा, ओझं नव्या वायरीने वाहायचं. प्रत्येक जोड तिने ओढून पाहिला. पुन्हा किक मारली, तर ठिणगी निळी, जाड, तडतडणारी. भर उन्हातही स्पष्ट दिसली.

दुपारी ती गठ्ठे बांधायला लागली. मिस्त्री म्हणाला, आज गठ्ठे राहू दे, ओझं म्हणून मीच बसतो मागे. चढाच्या मध्याला त्याने नकळत सीटची कड घट्ट धरली. इंजिन तापलं होतं, पोटरीला धग लागत होती, पण आवाजात खंड नव्हता. दवाखान्याचं फाटक आलं, तरी ताईने गाडी थांबवली नाही. वळवली, खाली आणली, आणि विसावा न देता पुन्हा वर नेली. तिसऱ्या फेरीनंतर तिने बंद केली, लगेच किक मारली. सुरू.

मिस्त्रीच्या ओठांवर शाबासकी आली होती, पण धाकट्या भावाने मोठ्या बहिणीला शाबासकी द्यायची कशी, हे त्याला उमगेना. तो एवढंच म्हणाला, की सीट थोडी कडक आहे.

घरी मात्र त्याने जेवताना बायकोला सगळं सांगितलं, वहीपासून रिलेपर्यंत, एकही गोष्ट न गाळता. भात निवून गेला. "मी तिच्या जागी असतो तर गाडी मोडीत गेली असती," तो म्हणाला.

"हे मला कशाला सांगता? वन्संना सांगा."

त्याने फोन लावला. पलीकडून मशीनची घरघर ऐकू आली. तो म्हणाला, "ताई, आज तू जे काम केलंस ना, ते माझ्याच्याने झालं नसतं."

घरघर क्षणभर थांबली.

"बरं," ताई म्हणाली. "आता ठेव, बाही अर्धी राहिलीय."