दर्ग्यापुढचा ढोल

महावीर जयंतीची पालखी दर्ग्यापाशी आली आणि रामगोंडा पाटलांचा हात सवयीनं वर गेला. इतकी वर्षं तो हात वर झाला की ढोल थांबायचा. यंदा मात्र गावातल्या जैन पोरांनी आधीच ठरवलं होतं, थांबायचं नाही. आष्ट्याहून आणलेलं ढोलपथक वाजतच पुढं गेलं, त्यामागं सगळी माणसं. म्हातारा तेवढा पायरीशी उभा राहिला.

दस्तगीर मुजावराची लेक शमशाद पाण्याचा तांब्या नि गूळ घेऊन बाहेर आली. बापामागं दर्ग्यात दिवाबत्ती तीच बघायची.

"अण्णा, ढोल थांबला न्हाई?"

"न्हाई बाई. मी थांबलोय."

एवढ्यात नातू सम्मेद हुडकत आला. "आज्जा, चला की! बादशहाची अट आजून पाळताय व्हय?"

"अट हुतीच," रामगोंडा म्हणाले. "विजापूरच्या बादशहानं आपलं बस्तीचं देऊळ राखलं, पूजा चालू दिली. पर आपण मूठभर. दर्ग्यापुढं ढोल मुका ठेवायचा, असा हुकूम. पिढ्यान्‌पिढ्या बोचलं ते."

"मग थांबायचं कशाला?"

म्हातारा पायरीवर टेकला. डोळ्यांपुढं लहानपणी ओढ्यात संगं डुंबणारा दस्तगीर आला.

"बादशाही गेली तरी चाल ऱ्हायली. मग हिचा बाप मुजावर झाला. पहिल्याच जयंतीला दारात येऊन म्हणाला, 'रामा, आता कुठला बादशहा? वाजवा की!' ढोलवाल्यानं टिपरू उचललं. तर माझ्या वडलांनी हात वर केला. म्हणाले, 'तू हुकूम मोडलास, लेकरा. आता आमी आमच्या मनानं थांबतो.' दस्तगीर कसला हसला! ढोल सोताच्या गळ्यात अडकवला आन् बस्तीपतुर वाजवत आला. सदरा घामानं चिंब."

शमशादनं पदरानं डोळे टिपले. सम्मेद आज्जाशेजारी पायरीवर बसला.

"हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

"तू कवा इचारलंस रं?"

सम्मेदनं फोन काढला. "थांबवू का त्यास्नी?"

"आता नगं. फोनवर थांबवून काय उपेग?"

शमशादनं सम्मेदच्या हातावर गूळ ठेवला. मग दर्ग्याचं दार लोटून घेतलं, डोक्यावर पदर ओढला आणि म्हणाली, "अब्बा गेल्यापास्नं बस्तीकडं आलेच न्हाई मी. येऊ का संगं?"

"चल की," म्हातारा उठत म्हणाला. सम्मेदनं त्याला हात दिला.