रानातल्या शाळेचा भित्रा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, आणि तुमच्यापासून काय लपवू, मी भित्रा आहे. दरवाजाने राखण करायची, आणि हा तर वारा आला तरी खडखडतो, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण आधी माझी गोष्ट ऐका.

मला शहरात एका सुताराने बनवलं. चार जाड फळ्या, मागे दोन आडव्या पट्ट्या, दोन बिजागऱ्या आणि वरच्या अंगाला लोखंडी कडी. सुताराने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "हत्ती आला तरी हलणार नाही." मी फुगलो. मग मला गाडीत घालून डोंगरापलीकडे रानात नेलं. तिथे आदिवासींची वस्ती होती आणि तिच्या कडेला नवी शाळा उभी राहत होती.

त्या वस्तीत एकाही घराला दरवाजा नव्हता. वेताचा पडदा तेवढा. धाडकन बंद होणारं दार त्या मुलांनी एकाच ठिकाणी पाहिलं होतं, जनावर धरायच्या पिंजऱ्याला. पहिल्या मास्तरांनी मुलांना आत घेतलं, पोरं पळू नयेत म्हणून कडी घातली, आणि आत जो आकांत झाला तो माझ्या फळ्यांत अजून आहे. मुलं माझ्यावर नखं ओढत होती. आपल्याला पाहून लहान मूल किंचाळतं, याहून वाईट काय असेल? हळूहळू शाळा ओस पडली. मास्तर निघून गेले. माझी वरची बिजागरी गंजली, खालची कड वाळवीने खाल्ली. तेलाचा थेंबसुद्धा कुणी दाखवला नाही.

मग कॉलेजात शिकणारा एक मुलगा आपणहून शिकवायला आला. हडकुळा, चष्मेवाला, पाल चुकचुकली तरी दचकणारा. वस्तीत मध काढणारा एक म्हातारा होता, त्याला सगळे आजा म्हणत. त्याने पहिल्याच दिवशी हटकलं.

"कशाला आलास रे? शहरातली पोरं शिकून संपली का?"

"सेवा... म्हणजे, शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून."

"हे पाठ करून आलायस. पोटातलं सांग."

मुलगा चष्मा पुसू लागला. "भित्री भागूबाई!" आजा हसला. "आठ दिवसांत पळशील बघ."

पण त्या मुलाने मला सताड उघडलं, माझ्याशी एक दगड टेकवला आणि स्वतः उंबऱ्यावर बसून शिकवू लागला. मुलं येत, कंटाळली की त्याला ओलांडून जात, पुन्हा येत. खोली भरत गेली. आजाची नात तेवढी बाहेर राहिली. तिचा आवाज असा की सगळे तिला टिटवी म्हणत. समोरच्या झाडाखाली बसून ती तिथूनच धडा म्हणायची आणि माझ्याकडे नजर गेली की डोळे मिटून घ्यायची.

एका दुपारी रानात आरडाओरडा झाला आणि एक जखमी रानडुक्कर अंगणात घुसलं. मुलं आत धावली. नव्या मास्तरने लाथेने दगड उडवला आणि मला ओढलं. तेव्हा त्याला टिटवी दिसली, झाडाला चिकटलेली.

"आत ये!"

"नाही! तू कडी लावशील!"

डुक्कर तिच्याकडे वळलं. मास्तरने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मला वाटलं, आता हा मला लावून घेणार. खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. पण तो बाहेर धावला. तिला काखोटीला मारून आत आणलं आणि कडी घातली.

कडीचा आवाज झाला मात्र, मुलं डुकराला विसरली आणि माझ्याकडे बघून रडू लागली.

"रडा, मलाही रडू येतंय," मास्तर म्हणाला. "पण पाठी लावा दाराला!"

पहिल्याच धडकेला गंजक्या बिजागरीचे खिळे उपटले. माझं वरचं अंग चौकटीतून सुटलं. मी पडत होतो आणि मागे मुलं होती. तेवढ्यात माझ्या अंगाला पाठी टेकल्या, लहान लहान, घामाने ओल्या. त्यांची काळजं धडधडत होती, ती मला फळ्यांतून लागत होती. दुसरी धडक बसली, तिसरी बसली. मी मुलांना राखलं असं म्हणायची माझी छाती नाही. त्यांनीच मला उभं ठेवलं. शेवटी डबे बडवत माणसं आली आणि डुक्कर रानात पळालं.

आजाने नातीला पोटाशी धरलं. मग मास्तरकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "आता तरी जाशील ना बाबा घरी?"

"मी पहिलीत होतो तेव्हा आमचे गुरुजीही दार लावून घ्यायचे, आजा. भीतीने माझी चड्डी ओली व्हायची. आई बाहेर पायरीवर बसून राहायची. फटीतून तिचं पाऊल दिसायचं, म्हणून मी टिकलो. माझ्या बाकावर रानातल्या वस्तीचा एक पोरगा होता, माझ्याहून हुशार. त्याच्यासाठी पायरीवर कुणी नव्हतं. एक दिवस तो खिडकीतून गेला, तो परत आलाच नाही. मी सेवाबिवा करायला नाही आलो. पायरीवर बसायला आलोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजा हत्यारं घेऊन आला. नवी बिजागरी ठोकली, आणि मग माझी कडी उपटून पार खाली, लहान मुलाच्या छातीइतक्या उंचीवर बसवली.

"एवढी खाली? अहो, पोरं उघडून पळतील!" जमलेल्यांतून कुणीतरी म्हणालं.

"पळू दे," आजा म्हणाला. "पळता येतं हे कळलं, की पोर बसतं."

टिटवी पुढे आली. वाघाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहत तिने कडी घातली. काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. शेवटी तिने कडी घातली ती तशीच ठेवली आणि आत बसली. अगदी माझ्याजवळ, पण आत.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. वाळवी पुन्हा चढते आहे आणि नवी बिजागरीही आता कुरकुरते. म्हणून सांगतो, तुमच्या शाळेच्या दाराला वेळेवर तेल द्या. आणि वर्गात आलेलं एखादं नवं मूल नुसतं दाराकडे बघत बसलं, तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा.