तळ्यावरचे सासरे

विभावरीने काठावरची नवी लाल पाटी वाचली, 'बेट्रेटन फरबोटन', पाऊल ठेवायला मनाई, आणि वळून पाहिलं तर सासरे गोठलेल्या तळ्यावर वीस-पंचवीस पावलं आत गेलेले.

गेल्या रविवारी स्टुटगार्टबाहेरच्या या राखीव जंगलात अर्धं गाव याच बर्फावर फिरत होतं. श्यामकांतरावांनीही मधोमध उभं राहून मुलाकडून, उत्कर्षकडून, फोटो काढून घेतला होता. मग ऊन पडलं आणि चार दिवस छपरांवरून पाणी गळत राहिलं. पाटी जर्मन, ते बिचारे काय वाचणार? आज उत्कर्ष ऑफिसात होता. सासऱ्यांना फिरायला आणलं होतं तिनेच.

"अहो बाबा, जरा मागे येता का?"

घाबरलेल्या माणसाची हाक अशी असते का? पण लग्नाच्या बारा वर्षांत ती त्यांच्याशी याहून चढ्या आवाजात बोललीच नव्हती. त्यांनी हसून हात हलवला.

"आलोच गं, पलीकडची बदकं बघून!"

त्यांच्या बुटांभोवतीचा बर्फ काळपट होता. त्यावर पाणी चढू लागलं. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"बाबा, प्लीज, थांबा ना!"

ते थांबले. नीट ऐकू यावं म्हणून कानामागे हात धरून तिच्याकडे वळले. त्यांच्या पायाखाली तडकन आवाज झाला.

"श्यामकांत! आडवा हो! पोटावर! लगेच!"

हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला तो माणूस एका झटक्यात पालथा पडला.

"आता सरपटत ये. उठू नकोस. माझ्याकडे बघ, खाली बघू नकोस!"

ते सरपटू लागले. कोपर टेकलं की बर्फ दबायचा, बाही भिजायची. हा माणूस आत्ता डोळ्यांदेखत जाणार, असं तिला दोनदा वाटलं. तिने काठावर पालथं पडून मफलर फेकला. टोक त्यांच्या हाती लागताच तिने जीव खाऊन ओढलं.

बराच वेळ दोघंही चिखलात बसून होती. श्यामकांतरावांनी चष्मा पुसला, तो आणखीच मळला. आपण काय बोलून गेलो ते विभावरीला तेव्हा आठवलं.

"बाबा, मी मघाशी..."

"उत्कर्षला बर्फाचं सांग हवं तर," ते तळ्याकडे पाहत म्हणाले. "नावाचं नको."

तिने मान हलवली. बस येईपर्यंत त्यांनी तिचा दंड काही सोडला नाही.