पाच फेऱ्या, काचा बंद

मैदानावर माणसांचं कडं इतकं दाट झालं होतं, की लाल स्पोर्ट्स कारच्या मागच्या सीटवरून ताईंना काचेपलीकडे फक्त पोटं, पट्टे आणि उंचावलेले मोबाईल दिसत होते. चेहरे नव्हतेच. गाडीला दारं दोनच, तीही पुढे. मागच्या काचा कायमच्या बसवलेल्या. ताईंच्या मांडीवर सहा वर्षांची भाची, पुढे स्टिअरिंगवर धाकटा भाऊ, आणि बॉनेटवर तळवे टेकून उभे असलेले दिवेमहाराज.

डॅशबोर्डवरचे हट्टी दिवे महाराज म्हणे नुसत्या ध्यानाने विझवत. भावाने दोन महिन्यांपूर्वी गर्जनेच्या हौसेपायी नवा सायलेन्सर बसवून घेतला, आणि तेव्हापासून इंजिनाचा पिवळा दिवा पेटला तो पेटलाच. तो बसवणाऱ्या फिटरचं यंत्र ऑक्सिजन सेन्सरकडे बोट दाखवी. सेन्सर दोनदा बदलला, तरी तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर. शेवटी फिटरनेच हात टेकले आणि महाराजांना आणलं. आज महाराज गाडीवर काळं कापड पांघरून तासभर आत एकटे बसले. बाहेर आले तेव्हा दिवा गेलेला होता.

"ऑक्सिजन म्हणजे काय?" महाराज गर्दीला विचारत होते. "प्राण! नव्या नळीत जुना प्राण रमत नाही, म्हणून दिवा रडतो. मी त्याची समजूत काढली. आता पाच फेऱ्या, काचा बंद. फट राहिली की प्राण निसटला!"

टाळ्या पडल्या. गाडी माणसाच्या चालीने निघाली, महाराज बॉनेटच्या बाजूने चालत.

ताई वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होत्या. या गाडीत बसलं की आपलं डोकं का चढतं, याचा विचार मात्र त्यांनी कधी केला नव्हता. आवाजाने, असंच त्या धरून चालल्या होत्या. आता कानशिलं ठणकू लागली. मोबाईलचे चकाकते चौकोन काचेला येऊन चिकटत, विरघळत, पुन्हा चिकटत. एखाद्या बरणीत आपल्याला झाकण लावून ठेवलंय आणि बाहेरून कौतुक चाललंय, असं त्यांना वाटलं.

"आत्या, मळमळतंय."

"काच खाली कर रे," ताई म्हणाल्या.

"ताई, तिसरी फेरी चाललीय. सगळे बघतायत. जरा दम धर ना."

तेवढ्यात कुणीतरी आडवं आलं आणि गाडी बंद पडली. भावाने किल्ली फिरवली. क्षणभर डॅशबोर्डवर लाल, केशरी, हिरव्या ठिपक्यांची रांग उजळली. एक जागा अंधारीच राहिली.

"इंजिनाचा दिवा लागला नाही," ताई म्हणाल्या.

"लागेल कसा? महाराजांनी घालवला ना!"

"अरे, किल्ली फिरवली की बिघाड नसला तरी सगळे दिवे एकदा लागतात. आम्ही जिवंत आहोत, एवढं सांगायला. हा लागलाच नाही. म्हणजे गाडी बरी झालेली नाही, दिव्याचं तोंड दाबलंय. आणि हिच्याकडे बघ."

भावाने आरशात पाहिलं. पोरीची मान एका बाजूला कलली होती. त्याचा हात दाराकडे गेला आणि तिथेच थबकला.

"थांबू नका!" महाराजांनी बॉनेटवर थाप मारली. "दोनच राहिल्या!"

ताईंनी दोन सीटांच्या मधून हात घातला आणि किल्ली उलटी फिरवली. त्या शांततेने भाऊ जागा झाला. दोन पोटं मागे रेटत त्याने दार उघडलं, सीट दुमडली, पोरीला उचलून बाहेर घेतलं. मोकळ्या हवेत ती ओकली आणि मग भोकाड पसरून रडू लागली. ताईंच्या जिवात जीव आला.

"घात केला बाईंनी!" महाराज ओरडले. "प्राण निसटला!"

"परत आलाय. ऐका, कसा रडतोय." मग भावाला म्हणाल्या, "समोर दवाखाना आहे. पळ. गाडीचा धूर छातीत गेलाय म्हणून सांग, माझंही डोकं त्यानेच चढतंय. मी इथे थांबते. महाराजांच्या फेऱ्यांसाठी अजून तीन गाड्या रांगेत आहेत, त्यांच्याही काचा बंद आहेत."

फिटर पुढे आला, तोंड पाडून. त्याने चार स्क्रू काढून डॅशबोर्डची तबकडी ओढली. पिवळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी, नवीकोरी. तासभराचं ध्यान ते एवढंच. पट्टी काढून किल्ली फिरवताच दिवा लख्ख पेटला. महाराजांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

मग इंजिन चालू करून, मागच्या नळीच्या तोंडाशी ओला बोळा दाबून फिटर खाली वाकला. नव्या सायलेन्सरच्या जोडातून फुसफुस ऐकू आली. भोवती काजळी धरली होती.

"सेन्सर या जोडाच्या अगदी मागे," तो हळू आवाजात म्हणाला. "फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, म्हणून तो म्हणतो ऑक्सिजन जास्त आहे. खरंच सांगत होता. आणि त्याच फटीतून धूर बाहेर पडतो. सेन्सरची तार लांबवताना मी गाडीच्या तळाला भोक पाडलं, रबरी बूच लावायचं राहिलं. धूर सरळ आत. ताई, मी तक्रार करणाऱ्यालाच दोनदा बदललं. तक्रार काही वाचली नाही."

ताईंचा मोबाईल वाजला, भावाचा फोन. ऑक्सिजन लावलाय, धोका टळलाय, आत्या कुठेय म्हणून विचारतेय.

ताई तिथेच मातीत बसल्या. टाळ्या वाजवणारे हात आता खिशात किल्ल्या शोधत होते. एकेक जण आपापल्या गाडीकडे गेला. दारं उघडली गेली, काचा खाली आल्या. किल्ल्या फिरल्या आणि माणसं वाकून दिवे मोजू लागली.

"माझा नाही लागत!" गर्दीतला एक जण ओरडला. "बाई, माझा तर महिन्यापूर्वी महाराजांनीच विझवलाय!"

"आधी पोरांना खाली उतरवा," ताई म्हणाल्या. "आणि लक्षात ठेवा, दिवा लागला म्हणून हात जोडू नका, विझला म्हणून नाचू नका. कुणी विझवला, कसा विझवला आणि त्याला काय सांगायचं होतं, एवढं विचारा. विचारायला कुठलेही महाराज लागत नाहीत."