फोकस नीट नाही

घड्याळवाल्यांच्या थोरल्या सुनेचा सतरावा फोटो परत आला, तेव्हा यामागे दिराचाच हात आहे असं तिने ठरवूनच टाकलं.

घरात तिला सगळे थोरलीच म्हणत. शाळेतली कारकुनी सांभाळून ती फोटो काढायची आणि फोटो विकणाऱ्या एका वेबसाइटवर पाठवायची. जाहिरातवाले, मासिकवाले तिथून हवे ते फोटो घेत. खिडक्या, जिने, वाळत घातलेले कपडे असले तिचे फोटो बिनबोभाट पास होत. सासऱ्यांचे मात्र एकजात नापास. पंचेचाळीस वर्षं ते घराच्या पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत होते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, टेबलावर दिवा. असा फोटो कोण नको म्हणेल? पण दर वेळी ठरलेलं उत्तर यायचं: फोकस नीट नाही.

कॅमेरा दिराचा, वापरलेला. स्वतःला नवा घेतल्यावर त्याने जुना वहिनीच्या गळ्यात मारला होता. देताना म्हणाला होता, काही खोट असती तर दिला असता का. हेच वाक्य आता तिला कबुलीसारखं वाटू लागलं. शिवाय तोही त्याच वेबसाइटवर फोटो पाठवायचा आणि त्याचे पास व्हायचे. नवऱ्यापाशी बोलली, तर तो म्हणाला, तुला दोरी दिसली की सापच दिसतो. म्हणजे दोघे भाऊ आतून एक, हेही तिने मनात टिपून ठेवलं.

रविवारी दीर घरी आला, तेव्हा तिने विषय काढलाच. कॅमेरा कधी पडला होता का, लेन्स उघडली होती का, सांगितलं का नाही. तिची उलटतपासणी ऐकता ऐकता त्याचं तोंड उतरलं. चहा अर्धा टाकून तो उठला.

"वहिनी, ते लोक फोटो पूर्ण मोठा करून बघतात," दारात तो म्हणाला. "तुम्ही बघितलात का कधी?"

तिने बघितला नव्हता. तो गेल्यावर तणतणतच ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि एक फोटो मोठा केला. टेबलावरचा चरा न् चरा दिसत होता. तबकडीवरचे बारीक आकडे वाचता येत होते. डावा हात स्वच्छ, अगदी नखाखालच्या तेलासकट. उजवा मात्र धुरकट, आणि त्यातल्या चिमट्याला दोनाऐवजी चार टोकं. तिने सतराच्या सतरा फोटो तपासले. कॅमेऱ्यात खोट असती, तर नेमका एकच हात धुरकट कसा आला असता?

मग संशयाने घर बदललं. डोकं दुखतंय म्हणून तिने शाळेत रजा टाकली आणि सासऱ्यांवर नजर ठेवली. कप ते डाव्या हाताने उचलत. पेपर हातात न धरता टेबलावर पसरून वाचत. गिऱ्हाइकासमोर घड्याळ उघडत नसत, उद्या या म्हणत. आणि रोज अकराला पिशवी घेऊन पाय मोकळे करायला बाहेर पडत. पाय मोकळे करायला पिशवी कशाला लागते?

तिसऱ्या दिवशी ती मागोमाग गेली. तीन गल्ल्या सोडून दुसऱ्या एका घड्याळवाल्याचं दुकान होतं. त्याचं आणि सासऱ्यांचं वीस वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य. सासरे सरळ त्याच्या दुकानात शिरले, पिशवीतून बिघडलेल्या घड्याळांच्या कागदी पुड्या काढून ठेवल्या आणि दुरुस्त झालेली घड्याळं उचलली. तो माणूस भिंगातून डोळा न काढता काहीतरी म्हणाला, आणि सासरे चक्क हसले.

बाहेर येताच समोर सून.

"बाबा, उजवा हात कधीपासून हलतोय?"

"कोण म्हणतं हलतोय?"

"फोटो म्हणतात."

ते पिशवी छातीशी धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "दिवाळं वाजलंय हाताचं, वर्ष झालं. तुला फोटोला नाही म्हटलं असतं, तर तू लगेच संशय घेतला असतास. म्हणून बसत गेलो."

या वैऱ्याकडे कसे आलात, असं तिने विचारलं. ते म्हणाले, त्याने काहीच विचारलं नाही. पहिल्या दिवशी माझा हात बघितला आणि पुडी ठेवून घेतली.

घरात कुणाला सांगू नकोस, म्हणून त्यांनी वाटभर गळ घातली. तिने ऐकलं नाही. घरी पोचताच दिराला फोन लावला, कॅमेऱ्याबद्दल चुकलं म्हणाली आणि बाबांचं सांगितलं. डॉक्टरकडे कधी न्यायचं, एवढंच त्याने विचारलं.

"भावजी, तुम्हाला माहीत होतं?"

"बाबांनी शपथ घातली होती," तो म्हणाला. "तोंडाने सांगता येत नव्हतं."

म्हणजे लपवालपवी होती ती होतीच. क्षणभर तिला राग आला, पण तो धरून ठेवायला जोर उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ आणि ती बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेले. औषधाने कंप थोडा आटोक्यात आला, चमचा धरण्याइतका. चिमटा धरण्याइतका नाही. सासऱ्यांचे फोटो तिने पुन्हा कुठे पाठवले नाहीत. अकराची फेरी चालूच राहिली, आणि पुड्या बांधायला आता थोरली बसते.