आमसुली म्हणून दिलेलं कापड

दुकानात त्याला सगळे बारसेकर म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण रंगांची बारशी करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मालकांनी गमतीने हाक मारली आणि तीच चिकटली. एकच तागा तो तीन गिऱ्हाइकांना तीन नावांनी विकायचा. लग्नाची मुलगी आली की कापड डाळिंबी. नोकरीवाली आली की तेच किरमिजी. वयस्कर बाई आली की आवाज जरा खाली आणून म्हणायचा, "आमसुली आहे, आजी. तुम्हाला भडक वाटणार नाही." यात फसवणूक आहे असं त्याला कधी वाटलं नाही. कापड अस्सल असायचं. नाव तेवढं ज्याला जे हवं ते मिळायचं.

घरी तो धाकटा, अजून बिनलग्नाचा. थोरला भाऊ वारल्यावर वहिनी त्याच घरात राहिली. खिडकीशी शिवणयंत्र टाकून ती दिवसभर लोकांचे रंगीत कपडे शिवायची. स्वतःच्या अंगावर राखी, तपकिरी नाहीतर पारवा. नियम आईचा होता. आईही ऐन तरुणपणी विधवा झालेली. तेव्हापासून ती पारव्यातच होती, आणि जे आपल्याला सुटलं नाही ते सुनेला सुटावं असं तिच्या मनात आलं नव्हतं.

मामाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा वहिनीने त्याला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"भाऊजी, या लग्नाला मला माणसासारखं जायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे उंदरासारखं नाही. उंदराच्या रंगाचे कपाटभर ड्रेस आहेत माझ्याकडे."

"आणि आई?"

"दिवसभर जगातल्या बायकांना गुंडाळता ना? एक घरातली गुंडाळा."

तो हसला. त्याला ते जमण्यासारखं वाटलं, आणि वहिनीबद्दल वाईटही वाटत होतंच. दुसऱ्या दिवशी तो कापड घेऊन आला आणि आईच्या मांडीवर त्याने ते उलगडलं.

"लाल आहे," आई म्हणाली.

"लाल कुठलं, आई? आमसुली आहे. काळपट झाक बघ ना."

"आमसुली." आईने शब्द तोंडात घोळवून पाहिला. "आमची आत्या घालायची. नवरा गेल्यावर."

"तेच हे."

आईची नजर चांगली होती. सुईत दोरा ती चष्म्याशिवाय ओवायची. कापड कसं आहे ते तिला दिसत होतं. तिला हवं होतं चार लोकांत सांगता येईल असं नाव, आणि ते तिला मिळालं.

"कोणी विचारलं तर आमसुली सांगायचं," तिने सुनेला बजावलं.

ड्रेस शिवताना वहिनीने गळा दोनदा उसवून पुन्हा बसवला. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना ती एवढा वेळ देत नसे.

लग्नात सकाळ छान गेली. मामी म्हणाली, "शोभतोय गं तुला." वहिनी मांडवात फिरली, मुलींच्या घोळक्यात बसली, कुणाच्या तरी बोलण्यावर मोठ्याने हसली. ते हसू ऐकून धाकट्याने मान वळवली. त्याच्या घरात ते बरेच दिवस ऐकू आलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर सगळे खुर्च्यांवर टेकले होते. औषधाचं दुकान चालवणाऱ्या एक बाई समोरून आल्या. त्या त्याच्या जुन्या गिऱ्हाईक. वहिनीच्या ड्रेसकडे बघत त्या त्याला म्हणाल्या,

"अगबाई, हे तर तुमच्याकडचंच! माझ्या मुलीला लग्नात हेच दिलंत की. डाळिंबी! नवरीवर याच्यासारखा दुसरा रंग खुलत नाही म्हणालात."

बाई कौतुकाने बोलत होत्या. आईने पाय आखडून घेतले.

"आमसुली आहे ते," ती म्हणाली.

"छे हो, आमसुली कसलं! मला काय दिसत नाही? विचारा यांनाच. यांच्याच हाताने कापलंय."

मामी वळली. पलीकडच्या दोघी वळल्या.

"काय रे," आई म्हणाली. "रंग कोणता?"

आमसुली म्हटलं तर बाईंना फसवल्यासारखं होणार होतं, आणि त्या अर्ध्या गावात बोलत सुटल्या असत्या. डाळिंबी म्हटलं तर आई होती. त्याला तिसरं सुचायला वेळ लागला नाही.

"डाळिंबीच आहे. वहिनींना तेच हवं होतं. घरी दुसरं काहीतरी सांगा म्हणाल्या."

त्यात धड खोटं काही नव्हतं. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "भाऊजींना बिचाऱ्यांना रंगातलं काय कळतं?"

औषधवाल्या बाई खो खो हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. आई हसली नाही. तिने आपल्या खांद्यावरची पारवी शाल काढली, सुनेच्या अंगावर गळ्यापासून घातली आणि स्वतःची पिन काढून हनुवटीखाली लावली. उकाडा होता. पंखे फिरत होते ते दुसऱ्या टोकाला. नवरी निघेपर्यंत वहिनी त्या शालीत घाम पुसत बसून राहिली. पिन तिने काढली नाही आणि धाकट्यानेही काढा म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती दुकानात आली. थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"राखी दाखवा."

त्याने तागा काढला. गल्ल्यावरून मालक म्हणाले, "बारसेकर, घरच्या माणसाला नुसतं राखी? काही चांगलं नाव सांग की."

"हे जरा मोतिया झाक..." सवयीने त्याच्या तोंडून निघालं.

"नाव नको. कापा."

त्याने कात्री घेतली. मान वर न करता हळूच विचारलं, "त्या ड्रेसचं काय केलंत?"

"उसवून, धुऊन, घडी करून आईंकडे दिला. तुमची बायको येईल तिला होईल म्हणाल्या." तिने पिशवी उघडून पुढे धरली. "तिला डाळिंबी सांगा. तिला चालेल."

कापड घेऊन ती दुकानाच्या पायऱ्या उतरली. "आज काय रे, घसा बसला का?" मालकांनी विचारलं. तो तागा गुंडाळत होता.